हृदयाचा त्रास आहे? नाही.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर माणसाला पाण्याखाली न्यायच्या आधी त्याच्याकडून एक कागद भरून घेतात. स्कूबाचं केंद्र म्हणा, दुकान म्हणा, वाळूत उभी केलेली पत्र्याची शेड म्हणा. तिच्या दारात टेबल टाकून तो कागद मी चौदा हंगाम भरून घेतला. या मे महिन्यात टेबल सोडलं. इतक्या वर्षांत मी स्वतः एकदाही पाण्याखाली गेले नाही. माझं माहेर दोडामार्गाकडचं, काजूच्या बागेतलं. मला पोहता येत नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मी समुद्राकडे शेजाऱ्याच्या बांधलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी बघते. बांधलेला आहे हे ठाऊक असतं, साखळी किती लांब आहे ते ठाऊक नसतं.

बाहेरच्यांना स्कूबा म्हणजे मोठं धाडस वाटतं. आमच्याकडचं स्कूबा पाहुण्यांच्या बेताचं असतं. होडी किल्ल्याजवळच्या खडकांशी नांगर टाकते. अंगात रबरी पोशाख, पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. शिडीला धरून माणूस पाण्यात उतरतो, तोंडाने श्वास घ्यायला शिकतो, मग मागून एक शिक्षक त्याची टाकी पकडून त्याला दोन-तीन पुरुष खोल नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत वर आणतो. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. घोळ इथेच होतो. आपला माणूस खूश झाला की अंगठा दाखवतो. कित्येक जण रंगीत मासे बघून अंगठा दाखवायचे आणि वर आल्यावर रागाने विचारायचे, इतक्यात का आणलंत?

माझ्या कागदावर दहा प्रश्न होते. हृदयाचा त्रास आहे? दमा? फिट येते? कानाचं ऑपरेशन? दिवस गेलेत? सगळे जण वरून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करत जायचे. इतक्या लांब आलेला माणूस 'हो' कशाला लिहील? म्हणून मी कागदापेक्षा माणसाकडे बघायची. खिशात दम्याचा पंप फुगलेला दिसायचा. कुणी सकाळी नऊ वाजताच दारूचा वास घेऊन यायचा. एखादी मुलगी बोलताना सारखा कान दाबायची. अशा कितीतरी जणांना मी परत पाठवलं. आमचे मालक सतीशभाऊ म्हणायचे, "वयनी, तू बघलंस काय गिऱ्हाईक आदीच भियता." मला केंद्रात सगळे वयनीच म्हणत. भाऊंचं बोलणं मी कौतुक म्हणून घ्यायची.

मग व्हाउचर आली.

पूर्वी माणूस येई, पैसे देई, नाही जमलं तर पैसे घेऊन परत जाई. अलीकडे लोक अनुभव भेट देऊ लागले. शहरातली एखादी कंपनी मोबाइलवर ते विकते. रिबीन बांधलेला डबा घरी येतो, आत एक जाड कार्ड, त्यावर मासा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मुदत एक वर्ष, परतावा नाही, दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. पैसे कंपनीकडे असतात. माणूस आमच्याकडे येऊन पाण्यात उतरला की आम्ही कार्डावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा, मग आमचा हिस्सा आम्हाला मिळणार. नाही उतरला तर आम्हाला काही नाही, आणि त्यालाही काही नाही.

त्या एका वर्षात गंमत होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचा समुद्र बंद. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा नसला तरी पाण्यातले खेळ बंद, होड्या वर ओढून झावळांखाली झाकलेल्या. म्हणजे वर्ष आठ महिन्यांचंच. एकदा जुलैत सांगलीचं एक जोडपं रेनकोट घालून आमच्या बंद शेडपुढे उभं होतं. मी नेमकी रजिस्टर न्यायला आले होते. नवरा म्हणाला, "मग वर्षाची मुदत लिहिता कशाला?" त्यांना मी घरी नेऊन चहा दिला.

आणखी एकदा कुडाळच्या एका म्हाताऱ्या आत्येला मुंबईच्या भाच्याने व्हाउचर पाठवलं होतं. भाच्याला ते हॉटेलातल्या जेवणाचं वाटलं होतं. आत्येने रबरी पोशाख बोटांनी चाचपला आणि मला विचारलं, "ह्या घालून खंय जावचा?"

"पाण्याखाली."

"कित्याक?"

आत्ये लिंबूसरबत पिऊन घरी गेली, पैसे कंपनीकडे राहिले. आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

केंद्राचे मेल बघणंही माझ्याकडे होतं. कंपनीकडून अधूनमधून मेल यायचे: अमुक ग्राहक परतावा मागतो आहे, मुदतीत तुमची सेवा उपलब्ध आहे का, कळवा. भाऊंनी एक उत्तर ठरवून दिलं होतं आणि ते मी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं होतं. 'आमची सेवा मुदतीत उपलब्ध आहे. परताव्याबाबत आपल्या नियमाप्रमाणे करावे.' मेल आला की ते उचलून चिकटवायचं आणि पाठवून द्यायचं. पाच सेकंदांचं काम.

आता साळुंखेंचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार होता. चार-पाच दिवसांत समुद्र बंद होणार म्हणून किनाऱ्यावर जत्रा भरली होती. वारा दक्षिणेकडून धरायला लागला होता. माझ्या टेबलापुढे रांग. रांगेत साठीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन उभे होते. कराडकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, नाव दत्तात्रय साळुंखे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून व्हाउचरचं कार्ड असं काढलं, जसं कुणी लग्नाची पत्रिका काढतं.

"लेकीनं दिलंय," ते म्हणाले. "पुण्यात कंपनीत हाय. मी रिटायर झालो तवा दिलं. उद्या मुदत संपती."

"दोघांचं आहे?"

"माझं एकट्याचं. ही पाण्याला भिती."

त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मला त्या एकदम आवडल्या. पाण्याला भिणारी माणसं मला आवडतात.

मी प्रश्न विचारायला सुरुवात केली. मोठ्या माणसांना मी कागद हातात न देता तोंडी विचारायची. हृदयाचा त्रास आहे?

"नाय."

फार लवकर म्हणाले. माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता. मी वर बघितलं. ते शेडच्या खांबाला हात टेकून उभे होते. वाळूतून चालत आल्यावर बरेच जण टेकतात.

"गोळ्या काही चालू आहेत?"

"बीपीची एक बारकी."

बीपीची गोळी असली तर डॉक्टरची चिठ्ठी मागायची, असा आमचाच नियम होता. मी शालनबाईंकडे बघितलं. त्या समुद्राकडे बघत होत्या, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "ओ मॅडम, लवकर करा, होडी जाईल." मी पुन्हा कार्डाकडे बघितलं. उद्याची तारीख. मी यांना थांबवलं तर हे कार्ड कागदाचा तुकडा होणार, लेकीचे पैसे बुडणार, हे माझ्याशी भांडणार आणि रांग आणखी वाढणार. एवढा विचार मी केला, आणि 'नाही'वर खूण केली. त्यांनी खाली सही केली. मी कार्ड टिपलं. मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण आली.

होडी गेली. शालनबाई माझ्या टेबलामागच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या मांडीवर नवऱ्याचा शर्ट घडी करून ठेवलेला, पायाशी नवऱ्याच्याच चपला.

"किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"तासाभरात येतील."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. मी कागद लावत होते. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी मान वर केली. त्या रडत नव्हत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी मोजत असाव्यात किंवा नाव घेत असाव्यात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. होडीवरून लवूचा. लवू आमचा सगळ्यात जुना शिक्षक. किल्ल्याच्या अलीकडे कधीकधी फोन लागतो, तसा लागला होता. मागे इंजिनाचा आवाज आणि वारा.

"वयनी, अ‍ॅम्ब्युलन्स बोलय. कराडवालो माणूस बरो नाय. छातीत दुखता म्हणता. आमी येतव, पण वारो इलो हा, येळ लागतलो."

फोन तुटला. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला. शालनबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवीत हात घातला, आतून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ही जिभेखाली ठेवायची असते," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात त्यांच्या हृदयात स्प्रिंग घातलीय. डॉक्टर म्हणाले, ही गोळी कायम खिशात ठेवा. खिसा इथंच राहिला. शर्ट इथं हाय."

त्यांनी मांडीवरचा शर्ट मला दाखवला.

आयुष्यात भीती मला पुष्कळदा वाटली आहे. त्या क्षणी जी वाटली तिला मी आजही नाव देऊ शकत नाही. माझे कान बंद झाले. समोर सगळा किनारा गजबजलेला, मुलं ओरडत होती, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. माणूस तिकडे पाण्यात आणि गोळी इकडे माझ्या टेबलावर.

शेजारच्या शेडचा गणू आपली छोटी इंजिनाची होडी पाण्यात घेऊन उभा होता. मी पट्टी घेऊन धावत गेले. ही गोळी लवूच्या होडीवर नेऊन दे, म्हटलं. गणूने लाटांकडे बघितलं.

"वयनी, माझे दोनूय हात इंजिनार. लाट मोठी आसा. कोणतरी बसाक होया गोळी देवक."

मी मागे बघितलं. शालनबाई वाळूतून येत होत्या, पण दर दोन पावलांनी थांबत होत्या. बाकी सगळे पाहुणे. आमचे सगळे लोक होडीवर. मी साडी खोचली आणि गणूच्या होडीत बसले. शूरपणा वगैरे त्यात काही नव्हता. मी कागदावर खूण केली होती, एवढंच डोक्यात होतं.

होडीच्या तळाशी मी मांडी घालून बसले आणि एका हाताने फळी धरली. दुसऱ्या हाताच्या मुठीत पट्टी. होडी वर जायची तेव्हा आभाळ दिसायचं, खाली यायची तेव्हा दोन्हीकडे पाण्याच्या भिंती. खारं पाणी तोंडावर आपटत होतं. मी डोळे मिटले तर जास्त भीती वाटायची, उघडले तर त्याहून जास्त. गणू काहीतरी बोलत होता, मला धीर देत असावा. मी फक्त एवढंच घोकत होते: एक जिभेखाली, पाच मिनिटांनी बरं नाही वाटलं तर दुसरी. शालनबाईंनी निघताना तेवढंच सांगितलं होतं.

लवूची होडी समोरून आली. दोन होड्या लाटेवर शेजारी आणणं किती अवघड असतं ते मी किनाऱ्यावरून इतकी वर्षं बघितलं होतं, पण कळलं त्या दिवशी. आमची वर तेव्हा त्यांची खाली. लवू वाकून हात पुढे करत होता.

"टाक नको वयनी, हातात दी."

पहिल्यांदा माझा हात पोचलाच नाही. होड्या लांब गेल्या. दुसऱ्यांदा त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि फळ्या एकमेकींवर आदळल्या. मी किंचाळले असेन. तिसऱ्यांदा त्याने माझी मूठच पकडली आणि पट्टी काढून घेतली. "एक जिभेखाली," मी ओरडले. त्याने साळुंखेंचं तोंड उघडून गोळी ठेवली. मी त्यांचा चेहरा बघितला. राखेच्या रंगाचा झाला होता. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग ओठ हलवले. वाऱ्यात शब्द तुटत होते, पण मला कळले.

"पोरीला सांगू नका."

नंतर लवूने सांगितलं, पाण्यात उतरून दोन मिनिटंही झाली नव्हती. साळुंखेंनी अंगठा वर केला. लवूला आधी वाटलं, मजा येतेय म्हणून करतायत, रोजचंच. पण त्या अंगठ्याला थरथर होती. त्याने दुसरी खूण विचारलीच नाही, सरळ वर आणलं. "आनीक एक मिनिट खाली ऱ्हवलो असतंव तर," एवढं बोलून तो नळ्या धुवायला गेला.

साळुंखे वाचले. अ‍ॅम्ब्युलन्समधून ओरोसला जिल्ह्याच्या दवाखान्यात, तिथून गोव्याला. मी घरी आले ती ओल्या साडीतच पडवीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "कागदार त्येची सही आसा. 'नाही' त्येणाच सांगल्यान. आपण सुटलव." मीही तसंच धरून बसले. सुटलास असं कुणी म्हटलं की माणूस तोच आधार धरतो.

आठवड्याने, मी शेड आवरत असताना, त्यांची मुलगी आली. प्राजक्ता. सत्तावीस-अठ्ठावीसची, पाठीवर बॅग. मी वाट बघत होते की ती ओरडेल. ती ओरडली नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि शांतपणे बोलत राहिली.

बाबांना डिसेंबरात त्रास झाला. जानेवारीत तिने कंपनीला कळवलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. पैसे परत द्या, नाहीतर व्हाउचर माझ्या भावाच्या नावे करा, नाहीतर पाण्यात न जाता काही असेल ते द्या, असं मागितलं. तीनदा मागितलं. कंपनी म्हणाली, आम्ही मालवणच्या केंद्राला विचारलं, सेवा उपलब्ध आहे, परतावा नाही. तिने बाबांना सांगितलं, सोडून द्या, गेले तर गेले. पण व्हाउचरवर फोन बाबांचा होता. कंपनीचे संदेश त्यांना जात राहिले. आपली भेट वाया घालवू नका. फक्त पाच दिवस उरले. फक्त तीन दिवस उरले. मुलीला न सांगता त्यांनी कराडहून मालवणची गाडी पकडली.

"आता कंपनी म्हणते, व्हाउचर वापरलं गेलंय, प्रश्नच नाही," ती म्हणाली. "आणि आजाराचं मी कधी कळवलंच नव्हतं म्हणते. त्यांच्या अ‍ॅपमध्ये मी सर्टिफिकेट टाकलं होतं ते संभाषण आता दिसत नाही. व्हाउचर वापरलं की जुनं सगळं निघून जातं. मी फोटोही काढून ठेवला नाही. मॅडम, तुम्हाला कंपनीने काय विचारलं होतं?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी मेल उघडले. जानेवारीचे मेल खाली होते. बोटाने सरकवत गेले आणि सापडला. ग्राहक: दत्तात्रय साळुंखे. कारण: हृदयविकार, डॉक्टरचं सर्टिफिकेट सोबत. मुदतीत सेवा उपलब्ध आहे का, कळवा. त्याच्याखाली माझं उत्तर. आमची सेवा मुदतीत उपलब्ध आहे. शेवटी माझं नाव.

सर्टिफिकेट मी उघडलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी उघडलं. त्यात डॉक्टरने स्पष्ट लिहिलं होतं, पाण्याखाली जाणे, धावणे, ओझे उचलणे वर्ज्य. मेमध्ये जो माणूस माझ्यासमोर खांबाला टेकून उभा होता त्याचं नाव, त्याचा आजार, सगळं जानेवारीपासून माझ्याच टेबलावर होतं. तो खोटं बोलला हे खरं. पण खरं काय ते मला आधीच कळवलेलं होतं.

प्राजक्ताने तक्रार ओरोसच्या ग्राहक आयोगात केली. पुण्याला, ती राहते तिथेही करता आली असती. हल्ली कायदा तशी सोय देतो, वकीलही लागत नाही. पण बाबांना जिथे पाण्यात सोडलं तिथेच विचारायचंय, असं ती म्हणाली. तक्रार ज्यांच्याविरुद्ध त्यांत पहिली सामनेवाली कंपनी, दुसरे आम्ही. एक गोष्ट मला तिच्या कागदांतून कळली, ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. 'परतावा नाही' असं छापलं म्हणजे ग्राहकाचा हक्क संपत नाही. सेवा घेणं ज्याला शक्यच नाही आणि जो तसं वेळेत कळवतो, त्याचे पैसे दाबून ठेवणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते. पण वेळेत कळवल्याचा पुरावा हातात हवा. तिचा पुरावा माझ्या मेलपेटीत होता.

भाऊंनी मला घरी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा न मागता धावले होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"वयनी, तो मेल कोणाक म्हायत? तुका आणि माका. कंपनी तर नायच म्हणता. जुने मेल आपण काढून टाकतवच."

मी खुर्चीतून उठले.

"तीन होड्ये कर्जार आसत. लवूच्या घरात पाच माणसा. परवानो गेलो तर सगळी खंय जातली? तू खरा सांगतलंस आणि भोगतले सगळे."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच जास्त भीती वाटली. मी घरी आले. दोन दिवस जेवण गेलं नाही. पोलीस येतील का, मला धरतील का, लोक काय म्हणतील. कॉम्प्युटरपुढे बसून एकदा मी तो मेल निवडलाही. पुसायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला. शेडमध्ये मी एकटी, पत्र्यावर पावसाचा आवाज. मग मी छापायचं बटण दाबलं. दोन प्रती काढल्या आणि एक ब्लाउजमध्ये घालून घरी आणली, चोरासारखी.

हा मेल घेऊन आयोगात जाते म्हटल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुका भय वाटता?"

"वाटता."

"मगे कित्याक जातंस?"

"नाय गेलंय तर जास्त वाटतला."

तो म्हणाला, "मी येतंय तुझ्यावांगडा."

आयोगात द्यायच्या माझ्या प्रतिज्ञापत्राला मी मेल जोडला. भाऊंना आधी सांगूनच जोडला. ते उठून आत गेले. आयोगात बहुतेक सगळं कागदावरच चालतं, साक्षीदाराला क्वचित विचारतात. मला विचारलं. साधी खोली होती, पंखा फिरत होता, वर टेबलाशी तिघे जण. मी उठून उभी राहिले.

अध्यक्षांनी मेलचा कागद वर धरला. "हा तुम्हाला आला होता?"

"हो."

"सर्टिफिकेट सोबत होतं?"

"होतं. मी उघडलं नव्हतं."

"आणि मे महिन्यात याच गृहस्थांचा आरोग्याचा फॉर्म तुम्हीच भरलात?"

"हो."

"संशय आला नाही?"

लिहून घेणारा मुलगा टाइप करायचा थांबला. कंपनीचे वकील माझ्याकडे बघत होते. पुढच्या बाकावर साळुंखे बसले होते, तोच पांढरा शर्ट घालून, शेजारी शालनबाई. मला 'नाही' म्हणता आलं असतं. संशय कुणाला दिसत नाही.

"आला होता," मी म्हटलं. "रांग होती. उद्या मुदत संपत होती. मी खूण केली."

बाहेर जिन्यापाशी प्राजक्ता मला गाठून उभी राहिली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, ती तिने मला दिली. मी अर्धी संपवली.

"त्या दिवशी तुम्ही गोळी घेऊन गेलात हे लवूदादांनी सांगितलंय," ती म्हणाली. "मेलही तुम्हीच दिलात. तरी मला तुमचा राग येतो. काय करू?"

"येऊ दे," मी म्हटलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. व्हाउचरचे पैसे, दवाखान्याचा खर्च आणि भरपाई कंपनीने द्यायची होती, त्यातला एक भाग आमच्यावर. परवाना गेला नाही, पोलीस आले नाहीत. भाऊंनी त्यांचा भाग भरला. ऑक्टोबरात होड्या पाण्यात उतरल्या तरी मला बोलावणं आलं नाही. मी समजले. मग एका सकाळी लवू निरोप घेऊन आला आणि मी शेडवर गेले. भाऊ दोऱ्या गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेबलार तूच बस. बाकीच्यांका भियाक येणा नाय."

त्यानंतर मी एक पद्धत पाडली. व्हाउचरवाल्या कुणाला पाण्यात पाठवता येत नसेल तर केंद्राच्या कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून द्यायची: प्रकृतीच्या कारणाने आम्ही सेवा नाकारत आहोत, यांचे पैसे परत करावेत. वर सांगायची, याचा फोटो काढा, कंपनीला आजच पाठवा, त्यांचं उत्तर जपून ठेवा. बऱ्याच जणांना पैसे मिळाले. काहींना भांडावं लागलं.

माझ्या शेवटच्या हंगामात, याच मे महिन्यात, नाशिककडचा एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगाने भरलेला. टेबलापर्यंत येताना दोनदा थांबला. मी नाही म्हटलं. तो चिडला, मी कागद लिहून दिला, तो त्याने चुरगळला आणि वाळूत टाकला. अर्ध्या तासाने दुसऱ्या एका शेडची होडी निघाली तर तो तिच्यात, रबरी पोशाख घालून, रोख पैसे देऊन. त्याने मला हात केला.

मी टेबल सोडलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. लवू म्हणाला, "वयनी, तो आपलो नाय." मला ठाऊक होतं. मी तिथेच उभी राहिले. ऊन चढलं, पाय भाजले, होडी ठिपक्याएवढी झाली आणि मग हळूहळू पुन्हा मोठी व्हायला लागली. त्यातली माणसं मी लांबूनच मोजत होते. तो उडी मारून उतरला, केस पुसत माझ्यासमोर आला आणि हसत म्हणाला, "बघा मॅडम, काय झालं मला?"

"काही नाही," मी म्हटलं. "बरं झालं."

तो गेला. मी शेडच्या मागे जाऊन वाळूत बसले आणि बराच वेळ मला उठता आलं नाही.